डावी बाही

कारखान्यात तिला काजवाली म्हणत आणि घरी आत्या. आत्या म्हणणारी खरं तर एकच, तिची पहिलीतली भाची. पण त्या पोरीचं ऐकून ऐकून दूधवाला आणि तळमजल्यावरचा घड्याळजीसुद्धा तिला आत्या म्हणायला लागले होते. कारखाना शाळांचे गणवेश शिवायचा. तिथे तिचं काम काज-बटणाचं: दिवसभर शर्टांना आणि फ्रॉकांना काजं करायची, धागा दातानं तोडायचा आणि पुढचा कपडा ओढायचा. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही असं विचारणाऱ्याकडे ती अशी काही बघायची, की तो माणूस लगेच हवापाण्याचं बोलायला लागायचा.

धाकट्या भाऊ-भावजयीच्या घरात मागची खोली तिची. भाऊ रजिस्ट्री कचेरीत शिक्के मारायच्या टेबलावर होता. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याचा इतका राग येणार आहे की मग सांगायचं राहून जाईल.

आत्या जन्माची डावखुरी. लहानपणी चमचा असो, खडू असो, पुढे व्हायचा तो डावा हात. आईला ते बघवायचं नाही. आधी चापट्या झाल्या, मग पट्टी झाली, आणि शेवटी आईनं शिवणाची पेटी काढून तिच्या लांब बाह्यांच्या फ्रॉकांना डावीकडे कापडाचा तुकडा जोडला आणि बाहीचं तोंडच शिवून टाकलं. हात आत, बाही बंद. आतल्या आत बोटं कापडाला घासून सोलवटायची आणि उन्हाळ्यात घामानं शिजायची. धाकटा भाऊ तेव्हा नुकता नीट बोलायला शिकला होता आणि आईनं त्याला हवालदार नेमलं होतं. ताईनं बाही वर सरकवली रे सरकवली की हा घरभर ओरडत सुटायचा, "आई, ताईनं हात काढला." त्याबद्दल त्याला खाऊ मिळायचा.

उजवा हात शेवटी शिकला. लिहायला शिकला, जेवायला शिकला, पुढे काजं करायला शिकला. घरच्यांनी हुश्श केलं. हिला कसं वाटतंय ते कुणी विचारलं नाही आणि हिनंही सांगितलं नाही.

एकच गोष्ट त्या उजव्या हाताला कधी जमली नाही, ती म्हणजे क्रोशा. ते तिला शिकवलं समोरच्या बिऱ्हाडातल्या नर्सनं. रात्रपाळी करून आली की ती नर्स दुपारी जिन्यावर उन्हाला विणत बसायची. शेजारी जागा नव्हती म्हणून आत्या दोन पायऱ्या खाली, तिच्याकडे तोंड करून बसली. समोर बसून बघितलं की सगळं आरशातल्यासारखं दिसतं. नर्सचा उजवा हात तो हिचा डावा. सुई डाव्या हातात कधी गेली हे तिचं तिलाही कळलं नाही. साखळीचे टाके झाले, खांबाचे झाले, एका बैठकीत पहिली ओळ झाली, आणि नर्स फक्त म्हणाली, "छान हात आहे तुझा." आयुष्यात त्या हाताला कुणी छान म्हणायची ती पहिलीच वेळ.

तेव्हापासून आत्या विणायची ती दार लोटून. चाहूल लागली की सुई झटकन उजव्या हातात जायची. पन्नाशी गाठलेली, स्वतःच्या पगारावर जगणारी बाई आपल्याच खोलीत चोरासारखी विणते, यात काही वावगं आहे असं तिला वाटायचंसुद्धा नाही, इतकी ती सवय मुरली होती.

आणि मग भाचीही डावखुरी निघाली. तिला घरात मुंगी म्हणत, कारण ती कधी एका जागी म्हणून सापडायची नाही. मुंगीचा हात आत्यानं ती रांगत होती तेव्हाच ओळखला होता आणि तोंडाला कुलूप लावलं होतं. जितक्या उशिरा कळेल तितकं बरं, असा तिचा हिशोब. पण पहिलीत गेल्यावर लपवणार कसं? वर्गातल्या बाई सहज म्हणाल्या, बाकावर शेजारणीला हिचं कोपर लागतं. बाई म्हणाल्या आणि विसरल्या. भावानं मात्र ते इतकं मनावर घेतलं की घरात दुसरा विषय उरला नाही. दात घासताना उजवा, जेवताना उजवा, दाराची कडी काढतानासुद्धा उजवा. मुंगी दर घासाला बापाच्या तोंडाकडे बघायला लागली. समोर आत्या बसलेली असायची, आपल्या सुधारलेल्या हातानं मुकाट्यानं जेवत, आणि तिला घास गिळवायचा नाही.

बोलता येत नव्हतं म्हणून तिनं विणायला घेतलं. थंडीचे दिवस तोंडावर आले होते. कारखान्यातल्या इस्त्रीवालीनं एका मासिकातून फाडलेला नमुना आणून दिला: लहान मुलीचं कार्डिगन, समोरून उघडं, पाच बटणांचं. लोकर आत्यानं पिवळी घेतली, मुंगीनं दुकानात बोट ठेवून दाखवलेली. नमुन्यात सांगितलं होतं तसा आधी एक चौकोन विणून पट्टीनं मोजला. तो मोठा भरला, म्हणून सुई एका नंबरानं बारीक घेतली. मग पाठ, मग पुढचा उजवा भाग, मग डावा, मग बाह्या. नमुन्यात जिथे खांब तिथे खांब आणि जिथे मुका खांब तिथे मुका. एक ओळ झाली की कागदावर पेन्सिलीचं टिंब. डाव्या बाहीचं मनगट तिनं दोनदा उसवलं. लोकर जराही टोचायला नको होती तिथे.

आता यात एक गोम होती, आणि तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप चालला होता. मुलींच्या कपड्यांना काजं उजवीकडे असतात आणि बटणं डावीकडे. काजवालीला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. म्हणजे बटण धरून काजात सारायचं काम डाव्या हाताचं. मुंगीच्या हाताच्या सोयीची एवढी एकच गोष्ट तिला ठाऊक होती आणि ती नेमकी तिच्याच धंद्यातली होती. कुणाशी भांडण नाही, कुणाला पत्ता नाही. पोरीच्या डाव्या हाताला रोज सकाळी पाच बटणांपुरती मोकळीक मिळेल. भावाला नाही म्हणायची हिंमत होत नव्हती, त्याऐवजी तिनं हे शोधून काढलं होतं.

चूक कळली ती अगदी शेवटी. भाग जोडून झाले, गळ्याची पट्टी झाली, बटणं लावायला तिनं कार्डिगन मांडीवर उलगडलं आणि बघते तर काजं डावीकडे. आधी तिला वाटलं, आपण कपडाच उलटा धरला. फिरवून बघितला, अंगाशी धरून बघितला. काजं डावीकडेच.

मग तिच्या लक्षात आलं. नमुना लिहिणारी बाई उजव्या हाताची. ती उजवीकडून डावीकडे विणत जाते आणि आत्या डावीकडून उजवीकडे. त्यामुळे नमुना ज्याला उजवा भाग म्हणतो, तो आत्याच्या सुईतून डावा होऊन बाहेर पडतो. दोन्ही भाग एकमेकांचे जोडीदार, म्हणून कपडा अंगाला झकास बसतो. फक्त काजं ज्या भागात घालायला सांगितली तो भाग पलटतो. आजवर तिनं विणल्या होत्या त्या टोप्या आणि शाली, त्यांना उजवं-डावं नसतं.

काजवालीच्या हातून काजं चुकली, हे एक वेळ हसण्यावारी नेता आलं असतं. पण ती चुकली तीसुद्धा अशी, की आता बटण लावायला पोरीला उजवाच हात लागणार. आत्याला रडू आलं नाही. राग आला, स्वतःचा, त्या नमुन्याचा, आणि जगातल्या समस्त उजव्या माणसांचा. रविवारी पुढचे दोन्ही भाग उसवायचे असं ठरवून, कुठे काय येतं ते बघायला म्हणून तिनं बटणं तेवढी अडकवून ठेवली, आणि तेवढ्यात मुंगी खोलीत आली. पिवळं कार्डिगन दिसल्यावर कोण थांबतं. तिनं ते अंगात घातलं आणि आत्या "अगं, थांब" म्हणेपर्यंत बाहेरच्या खोलीत पोचलीसुद्धा.

भाऊ चहा पीत होता. मुंगी त्याच्यासमोर उभी राहून बटणं लावायला लागली. डाव्या हातानं काही जमेना. दोनदा बटण सटकलं, तिसऱ्यांदा तिनं हात बदलला आणि उजव्या हातानं बटण कसंबसं आत ढकललं. भाऊ बघत होता. त्याचा चेहरा खुलला.

"ताई, हे एकदम भारी केलंस तू. उजव्या हातानंच लागतायत बटणं. रोजची सवय होईल."

"चुकलंय ते. रविवारी उसवणार आहे मी."

"उसवतेस कशाला? उलट मला त्यावरून एक सुचलंय." त्यानं कप खाली ठेवला. "डाव्या बाहीचं तोंड शिवून टाक. आई तुझं शिवायची ना, तसं. शाळेत रोज हेच घालून जाईल. थंडी संपेपर्यंत हात सुधारलेला असेल बघ."

त्यानं हे इतक्या मायेनं सांगितलं, की जणू आईच्या हातच्या एखाद्या छान गोष्टीची आठवण काढतोय. आत्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण इतक्या वर्षांची सवय.

"मी नाही शिवणार," एवढंच ती म्हणाली.

"अगं, पण तुझं काय वाईट झालं? सुधारलाच ना तुझा हात? आज त्याच हातावर पोट भरतेस."

"नाही शिवणार म्हटलं ना."

आणि ती आत निघून गेली. तिला वाटलं, आपण नाही म्हटलं म्हणजे विषय संपला. घरात सुई धरता येणारी दुसरी होती कोण?

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर ती नेहमीप्रमाणे मुंगीला घ्यायला शाळेच्या फाटकाशी गेली. पोरांचा लोंढा बाहेर आला, पांगला, आणि सगळ्यात शेवटी मुंगी आली. पिवळं कार्डिगन अंगात. दप्तर एका खांद्यावर लोंबत होतं, एका बुटाची नाडी सुटून जमिनीवर लोळत होती. ती नाडी मधल्या सुट्टीपासून सुटलेली होती. एका हातानं बांधता येत नाही म्हणून पोर दिवसभर पाय ओढत फिरली होती. डावी बाही पुढून बंद होती. पिवळ्या लोकरीवर काळा दोरा, आणि टाके हे एवढाले, गोणीचं तोंड शिवावं तसे. आत्यानं टाके ओळखले. भावजयीला उशीची खोळ शिवायची म्हटली तरी घाम फुटायचा, तिचे होते ते.

"बाबा म्हणाले, हात काढायचा नाही, बाईंना लक्ष ठेवायला सांगितलंय," मुंगी म्हणाली. "मी नाही काढला."

आत्यानं पिशवीतली छोटी कात्री काढली आणि फाटकाशीच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, उकिडवं बसून ते टाके कापले. घाईत एका जागी दोऱ्याबरोबर लोकरही तुटली. आतून पोरीची मूठ बाहेर आली, गरम आणि ओलसर. बोटांवर काळ्या दोऱ्याचे वळ उमटले होते. आत्यानं ती बोटं एकेक करून उघडली. मग बुटाची नाडी बांधली.

घरी पाऊल टाकल्या टाकल्या भावजयीनं आत्याच्या तोंडाकडे बघितलं. "वन्सं, मी काय करू? ते म्हणाले, तू शीव. मी नको म्हणत होते."

"म्हणत होतीस की मनातल्या मनात म्हणत होतीस?"

भावजयीनं मुंगीचं दप्तर उतरवून घेतलं. आत्यानंही विषय तिथेच सोडला, कारण मनातल्या मनात म्हणायची कला त्या घरात तिच्याइतकी कुणाला अवगत होती?

तो दिवस कपड्यांना इस्त्री करायचा होता. भावाचे कचेरीचे शर्ट आठवड्यातून एकदा आत्याच कडक करून द्यायची. भाऊ बाहेर गेला होता. तिनं टेबल ओढलं ते मागच्या खोलीत नाही, बाहेरच्या खोलीत, खिडकीशी. शर्ट एकापाठोपाठ एक इस्त्री केले, घड्या न घालता खुर्चीच्या पाठीवर टाकले, आणि मग सुई-दोरा काढून बसली. पहिल्या शर्टाची उजवी बाही घेतली, मनगटाची दोन्ही टोकं जुळवली आणि तोंड शिवायला सुरुवात केली. काजाच्या टाक्यानं, घट्ट, टाक्याला टाका भिडवून. सुई तिच्या डाव्या हातात होती. त्या हातानं तिनं जन्मात कधी शिवलं नव्हतं, टाके जरा तिरके पडत होते, पण पक्के पडत होते.

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. आता ही किंचाळणार, असं आत्याला वाटलं. दोरा संपला तेव्हा भावजय पुढे आली, पेटीतून नवं रीळ काढलं, दुसऱ्या सुईत दोरा ओवला आणि सुई तिच्यापुढे धरली. सगळे शर्ट होईपर्यंत ती दोरे ओवून देत राहिली.

सकाळी भावानं शर्ट अंगात घातला. डावा हात गेला. उजवा मनगटापाशी अडला. त्यानं झटका दिला, पुन्हा ढकलला, मग बाहीचं टोक डोळ्यांसमोर धरलं. तो शर्ट टाकून दुसरा घेतला, मग तिसरा. तिसरा अंगात तसाच अडकलेला ठेवून तो बाहेरच्या खोलीत आला, उजवा हात पुढे धरून.

"ताई, ही काय थट्टा आहे?"

"थट्टा नाही. सवय."

"मला कचेरीत जायचंय. लोक रांगा लावून उभे असतात, शिक्के मारायचेत मला."

"डाव्या हातानं मार. थंडी संपेपर्यंत सुधारेल."

त्यानं शर्ट अंगावरून ओरबाडून काढला आणि तिच्या पायांशी फेकला. "टाके काढ आधी हे. आत्ताच्या आत्ता काढ."

आत्या उठली नाही. "बघ," ती म्हणाली, "तुला काढता आला हात. नको वाटलं, काढलास, शर्ट फेकलास, वर माझ्यावर ओरडलासही. मुंगीनं काल एवढं केलं असतं तर तू काय केलं असतंस?"

भाऊ उघड्या अंगानं उभा होता.

"परवा विचारलंस ना, तुझं काय वाईट झालं म्हणून? आता ऐक. घरात चार माणसं आली की मी अजून डावा हात मांडीखाली दाबून बसते. हे कार्डिगन मी दार लावून विणलं. माझ्या खोलीत. पाऊल वाजलं की सुई लपवते मी. तुझं पाऊल. तू हवालदारी कधीच सोडलीस, पण मला तुझी ती आरोळी अजून ऐकू येते."

"कसली आरोळी? मला असलं काही आठवत नाही."

"तुला कशाला आठवेल? बाही माझी होती."

हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की तळमजल्यावरचं घड्याळजीचं शटर अर्ध्यावर थांबल्याचं ऐकू आलं. भाऊ वाकला, त्यानं शर्ट उचलला, कात्री घेऊन स्वतःच टाके कापायला गेला. काजाचा टाका तो. दोरा सुटायच्या आधी कापडच फाटलं. त्यानं कात्री टेबलावर ठेवून दिली, कालचा चुरगळलेला शर्ट अंगात घातला आणि जेवणाच्या टेबलापाशी येऊन बसला. कचेरीला उशीर होत होता तरी बसला.

भावजयीनं वाट्यांत दूध-पाव कुस्करून ठेवला होता. मुंगी सगळं ऐकत आधीपासून तिथे बसली होती. तिनं बापाकडे बघितलं आणि चमचा उजव्या हातात घेतला.

"मुंगे, तुझ्या हातानं खा," आत्या म्हणाली.

मुंगी जागची हलली नाही. ती बापाकडेच बघत राहिली. भावजयीनं पुढे होऊन तिच्या हातातला चमचा काढून घेतला आणि वाटीच्या डाव्या बाजूला ठेवला. भावाचं तोंड उघडलं. मग त्यानं आपलं उजवं मनगट दुसऱ्या हातानं चाचपलं आणि खाली मान घालून तो आपली वाटी ढवळत बसला. मुंगीनं डाव्या हातानं चमचा उचलला, भरला, खाल्ला. तिनं दुसरा भरला.

आत्यानंही आपला चमचा डाव्या हातात घेतला. त्या टेबलावर, सगळ्यांच्या समोर, पहिल्यांदाच. चमचा भरला, वर नेला, आणि तोंडापाशी येता येता तो कलंडला. दूध हनुवटीवरून तिच्या कपड्यांवर ओघळलं. पुन्हा भरला, तो गालाला लागला. जो हात अख्खं कार्डिगन विणतो, त्याला एक चमचा सरळ तोंडापर्यंत नेता येईना. त्याला कुणी ते कधी शिकूच दिलं नव्हतं. हे तिला आजवर माहीत नव्हतं, कारण तिनं कधी करूनच बघितलं नव्हतं, आणि आता कळलं तेव्हा तिला भावाशी भांडतानाही आला नव्हता इतका राग आला.

मुंगी फिदीफिदी हसली, आणि आत्याच्या तोंडाकडे लक्ष गेल्यावर हसायची थांबली. खुर्चीवरून उतरून ती जवळ आली आणि तिनं आत्याची बोटं चमच्यावर नीट बसवून दिली.

"असं नाही गं आत्या. असं धर."

आत्यानं तसं धरलं. पुढचाही चमचा सांडला, त्याच्या पुढचाही. भाऊ समोरच बसला होता. त्यानं रुमाल काढून पुढे केला. आत्यानं तो घेतला नाही. त्याच्याकडे बघत, न पुसता, ती डाव्या हातानं जेवत राहिली.